हात न लागलेली कणगी

पुष्कळ पुष्कळ वर्षांमागची गोष्ट आहे. त्या काळी माणसे अंतर कोसांनी मोजत नसत, पायांच्या दुखण्याने मोजत. लहानांनो, तुम्ही ही गोष्ट नीट ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही मान खाली घालून ऐकलीत तरी चालेल.

एका राज्याच्या अगदी टोकाला एक गाव होते. त्या गावात एक तेली राहत होता. त्याचा लाकडी घाणा होता, घाण्याला एक बैल होता, आणि घरात तेलीण होती. एकुलती लेक लग्न होऊन दूर गेली होती. पाच गावांचे तीळ आणि करडई त्याच्याकडे गाळायला येत. तेली श्रीमंत नव्हता, पण त्याने जन्मात कुणापुढे हात पसरला नव्हता, आणि ही गोष्ट तो दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवत असे.

त्या गावाची सामाईक अशी एक कणगी होती. धान्य साठवायला बांबूची विणलेली, शेणाने लिंपलेली, माणूस उभा बुडेल एवढी मोठी. दर सुगीला प्रत्येक घर तिच्यात एक पायली धान्य घाली. ज्याला अडचण येईल त्याने लागेल तेवढे न्यावे, पुढच्या सुगीला तेवढेच परत घालावे आणि वर एक मूठ जास्त घालावी, असा नियम होता. व्याज नाही, तारण नाही. अट एकच. दिवसाउजेडी वडाच्या पारावर उभे राहायचे आणि आपली गरज सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगायची.

ज्यांनी ही अट घातली ती माणसे शहाणी होती. चारचौघांत सांगायचे म्हटले की लबाड माणूस येत नाही, आणि खऱ्या गरजवंताला धान्याबरोबर चार हातही मिळतात, असा त्यांचा विचार. विचार चांगलाच होता. चांगल्या विचाराचे पुढची माणसे काय करतात, तेवढे आता बघा.

वीस वर्षांपूर्वी गावची कुंभारीण त्या पारावर उभी राहिली होती. अवकाळी पावसाने तिची भट्टीत घालायची कच्ची मडकी जागच्या जागी चिखल होऊन बसली होती. तिने आठ पायल्या धान्य मागितले. आपला तेली तेव्हा तरुण होता आणि पारावर पाय हलवत बसला होता. तो म्हणाला, "गावाला मडकी पुरवणारी आज स्वतःच मडकं घेऊन दारात आली की."

गाव पोट धरून हसले. कुंभारणीने धान्य नेले, सुगीला वरच्या मुठीसकट परत आणून घातले. पण पुढे वर्षभर ती दिसली की कुणी ना कुणी ते वाक्य म्हणून दाखवी.

त्यानंतर कणगीकडे कुणी फिरकले नाही. आधी लाजेने फिरकले नाही, मग सवयीने, आणि पुढेपुढे तर गावाला त्याचा अभिमानच वाटू लागला. पाहुणा आला की त्याला कौतुकाने सांगत, "आमच्या कणगीला कधी कुणाचा हात लागलेला नाही." झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्या गावाचे आवडते वाक्य होते. मुठी झाकून झाकून सगळ्यांची बोटे आखडून गेली होती, ते वेगळे.

तर असे ते गाव, आणि असा तो तेली.

तेल्याचा बैल म्हातारा झाला होता. लेकीच्या गावाहून परत येताना तो वाटेत बसला, आणि पुन्हा उठला नाही. तेल्याने तिथल्याच चार वाटसरूंच्या मदतीने त्याला पुरले, त्याचे दावे आणि घुंगरू पोत्यात घातले, आणि पोते पाठीवर टाकून तो घरी आला.

"आता?" तेलिणीने विचारले.

"आता काही नाही. दार लावून घे."

दुसऱ्या दिवसापासून घाण्याला बैलाच्या जागी तेली जुंपला गेला. तो दमला की तेलीण. गोल गोल फिरून तिला घेरी येई, म्हणून ती बैलाची झापडे स्वतःच्या डोळ्यांवर बांधून फिरत असे. दार बंद, आत घाणा कुरकुरत होता, तेल निथळत होते, आणि आत बैलच फिरतो आहे असे गावाला वाटत होते. निदान गावाला तसे वाटते, असे तेल्याला वाटत होते.

घाणा थांबवण्याची सोय नव्हती. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या घाण्यावर गेले की परत येत नाही. पण हे असे फार दिवस चालायचे नाही, हेही दोघांना कळत होते. तेलीण तोंडाने काही म्हणत नसे. फक्त भाकरी थापताना तिचा उजवा हात मध्येच थांबे, ती डाव्या हाताने खांदा दाबी आणि पुन्हा थापू लागे. तेल्याला ते दिसे आणि घास गिळवत नसे. बैल आणायलाच हवा होता, आणि तिचा खांदा कायमचा जायच्या आत आणायला हवा होता.

धडधाकट बैलाला साठ नाणी पडत. घरात नाणी होती नऊ. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही.

"पारावर जा," तेलीण एकदाच म्हणाली.

"पार सोडून दुसरं काय ते बोल," तेली म्हणाला. तो बाहेरच्या वाटेला लागला.

अर्ध्या दिवसाच्या वाटेवरच्या गावात एक सावकारीण होती. तिच्या पडवीत तो पोचला तेव्हा ती कोमट पाण्यात पाय सोडून बसली होती. उसने मागणाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकून ऐकून तिचा चेहरा कंटाळलेला होता, पण बाई बोलायला वाईट नव्हती.

"कशाला हवेत?" तिने विचारले.

"बैल घ्यायचाय. साठ नाणी."

"तुमच्या गावात कणगी आहे म्हणतात. मोठी भरलेली."

"तिला आम्ही हात लावत नाही," तेली सवयीने मान ताठ करून म्हणाला.

सावकारीण त्याच्याकडे बघतच राहिली. मग पाय पुसत म्हणाली, "बरं आहे बाबा माझ्यासारख्यांचं. पण साठ नाणी माझ्याकडे पडून नसतात. मी दागिन्यावर पाच-दहा देणारी बाई. नदीच्या उताराशी गुळाचा व्यापारी आहे, त्याला विचार."

तेली नदीच्या उताराशी गेला. तिथवर पोचायला दीड दिवस लागला आणि एका वहाणेचा अंगठा तुटला. व्यापारी गुळाच्या ढेपा मोजत होता. त्याने मान वर न करताच सांगितले, "मी स्वतः पेढीवरून आणतो आणि देतो. पण ओळखीशिवाय नाही. तुला मी ओळखत नाही. स्वस्तात हवे असतील तर तूच शहरात पेढीवर जा."

तेली शहरात गेला. आणखी दोन दिवस. पेढीच्या पायरीवर त्याच्यासारखी बरीच माणसे बसली होती. कुणी छप्पर उडालेले, कुणी लेकीचे लग्न ठरलेले, कुणी नुसतेच आजारी. कुणी कुणाशी बोलत नव्हते. प्रत्येकजण आपण दुसऱ्याच कामाला आलो आहोत अशा थाटात भिंतीकडे बघत होता. तेलीही भिंतीकडे बघू लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची पाळी आली.

पेढीवाला सज्जन दिसत होता. "साठ नाणी मिळतील," तो म्हणाला. "महिन्याला दोन नाणी व्याज. फक्त तुझ्या पाटलाची जामिनाची चिठ्ठी आण."

तेली उठता उठता पुन्हा बसला. "पाटलाचीच पाहिजे? दुसऱ्या कुणाची चालणार नाही?"

"तुला मी ओळखत नाही. तुझ्या पाटलाला ओळखतो."

पाटलाकडे चिठ्ठी मागायची म्हणजे पाटलाला सांगायचे, आणि पाटलाला सांगायचे म्हणजे गावाला सांगायचे. तेली पायरी उतरला. वाटेत एका विहिरीच्या काठावर तो जरा बसला, आणि बसल्यावर त्याला पुन्हा उठावेसे वाटेना. लांब कुठेतरी तेलीण झापडे बांधून एकटीच फिरत असेल, हे आठवले, म्हणून उठला.

तो पुन्हा व्यापाऱ्याकडे गेला. व्यापारी म्हणाला, "सावकारीण मध्ये राहत असेल तर देतो. तिला मी ओळखतो." तो पुन्हा सावकारणीकडे गेला. सावकारीण म्हणाली, "मध्ये राहीन. पण तारण हवं." तेली घरी आला, तेलिणीच्या चांदीच्या पाटल्या घेतल्या आणि उंबऱ्याच्या आत नीट न बसताच परत फिरला. पाटल्या काढताना तेलिणीचा उजवा हात कोपरापाशीच अडला होता. त्या तिने डाव्या हाताने ओढून काढल्या आणि म्हणाली, "लवकर या." एवढेच.

सावकारणीने पाटल्या तोलून ठेवून घेतल्या. मग चार दिवस तेल्याने तिच्या पडवीत वाट पाहिली. चौथ्या दिवशी व्यापाऱ्याचा माणूस एक थैली घेऊन आला. पेढीची दोन नाणी, व्यापाऱ्याची दोन आणि सावकारणीची दोन, असे महिन्याला सहा नाणी व्याज ठरले. थैली मात्र वाटेत कुणी उघडलीही नव्हती. आली तशीच हातोहात पुढे सरकत आली होती.

"अडला हरी गाढवाचे पाय धरी," थैली कमरेला बांधत तेली स्वतःशीच पुटपुटला.

"ऐकू आलं मला," सावकारीण म्हणाली. "पण पाय धरणारा सांगेल का, घरचं दार सोडून तो गाढव शोधत का फिरतो?"

तेली पडवी उतरला. त्याला नुसते घरी जायचे होते.

तो घरी पोचला तेव्हा घाण्याचा आवाज येत नव्हता. तेलीण घाण्याशेजारी भिंतीला टेकून बसली होती. झापडे कपाळावर सरकवलेली होती आणि उजवा हात जुन्या पदराच्या तुकड्याने गळ्यात बांधलेला होता.

"काल लाट अडकली," ती म्हणाली. घाण्याच्या आडव्या लाकडाला लाट म्हणतात. "मी जोर केला. खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं."

तेली तिच्यासमोर मटकन बसला. त्याने कमरेची थैली सोडून तिच्या मांडीवर ठेवली, जणू तेवढ्याने हात बरा होणार होता.

तेलिणीने डाव्या हाताने थैली उचलली, उलटी केली, शिवण चाचपली. मग ती नाकाशी धरली.

"ही कुठून आणलीत?"

"सावकारणीकडून. तिला व्यापाऱ्यानं दिली, व्यापाऱ्याला पेढीवाल्यानं."

"ही मी शिवलीय," तेलीण म्हणाली. "गेल्या सुगीला पाटलीणबाईंनी कापड दिलं होतं, कणगीचे पैसे घालायला थैली शिवून दे म्हणून. हिरवा दोरा कमी पडला, तेव्हा तळाला मी लाल दोरा घातला. आणि हा तेलाचा डाग तुमच्या अंगठ्याचा. तुम्हीच नेऊन दिली होतीत ना त्यांच्याकडे?"

तेल्याने बघितले. हिरव्या शिवणीखाली लाल दोरा होता. डागावर अंगठा ठेवून बघितला, तो नेमका बसला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण त्याला ठाऊक होती. म्हणी सगळ्यांना ठाऊक असतात. त्याला रडू आले नाही, कारण रडायलाही थोडी ताकद लागते. तो थैली घेऊन उठला आणि पाटलाच्या घरी गेला.

पाटील ओट्यावर सुपारी कातरत बसला होता. तेल्याने थैली त्याच्यापुढे ठेवली आणि ती कुठून कुठून फिरून आली ते सांगितले. पाटलाने सगळे ऐकून घेतले.

"कणगीला कुणी हात लावत नाही," पाटील हळूहळू म्हणाला. "पडून राहिलं की दाण्याला किडा लागतो. म्हणून दर साली जुनं धान्य विकतो आणि पैसे पेढीवर ठेवतो. पेढीवाला वर्षाला एक नाणं व्याज देतो."

"मला महिन्याला सहा पडली."

"मग पारावर यायचं होतंस."

"माझा बैल गेला हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत, पाटील?"

पाटलाने अडकित्ता खाली ठेवला. "कळलं होतं," तो म्हणाला. "बैलाचं पाऊल एकसारखं पडतं रे. तुझा घाणा महिनाभर थांबत थांबत कुरकुरतोय. आख्ख्या गावाला कळलं होतं."

"मग कुणी एक शब्द का बोललं नाही?"

"तू बोलला नाहीस. झाकलेलं उघडायचं नाही, अशी आपल्याकडे रीत पडलीय. ती कुणाच्या बोलण्यानं पडली, ते मी सांगायला नको."

तेली मान खाली घालून बसला. त्याला आधी गावाचा राग आला. मग आपला स्वतःचा आला. मग दोन्ही राग विझले आणि नुसता शीण उरला. गेल्या महिन्यात तो जेवढे चालला होता त्यापेक्षा पाटलाच्या ओट्यापासून पारापर्यंतची वाट त्याला लांब वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पारावर चढला. माणसे जमली. वीस वर्षांत त्या पारावर गरज सांगायला कुणी उभे राहिले नव्हते, त्यामुळे न बोलावताच सगळे आले. पुढेच, पाराला टेकून, ती कुंभारीण बसली होती. आता तिचे सगळे केस पिकले होते.

"माझा बैल गेला," तेली जमिनीकडे बघत म्हणाला. "मला कणगीतून मदत पाहिजे."

"काय म्हणालास?" कुंभारणीने कानाला हात लावला. "मला ऐकू कमी येतं."

तेल्याने पुन्हा सांगितले, जरा मोठ्याने.

"अजून नाही आलं ऐकू."

मग तेल्याने मान वर केली. "मावशी, माझा बैल मेला. ते लपवायला मी माझ्या बायकोला घाण्याला जुंपलं. ती बैलाची झापडं बांधून फिरली आणि तिचा हात गेला. मला साठ नाण्यांचं धान्य हवंय. ज्या तोंडानं मी तुम्हाला हसलो, त्याच तोंडानं मागतोय."

पारावर कुणी हसले नाही.

कुंभारीण गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उठली. "मला हसलास तेव्हा एका दमात बोलला होतास," ती म्हणाली. "चांगलं बोलायला माणसाला तीन खेपा लागतात. द्या रे त्याला. आणि वरची मूठ विसरू नको. मी विसरले नव्हते."

यंदाची कणगी अजून विकली गेली नव्हती. तिच्यातले धान्य काढून तेल्याला मिळाले, त्यातून बैल आला. थैली त्याने सावकारणीला परत केली. सावकारणीने पाटल्या दिल्या, पण महिन्याची सहा नाणी घेतलीच. "एक दिवस ठेवले तरी महिनाच धरतात बाबा, माझ्यावरही तेच आहे," ती म्हणाली. पुढच्या सुगीला तेल्याने धान्य परत घातले. वरची मूठ तेलिणीने घातली, डाव्या हाताने. वैद्याने पुष्कळ लेप लावले, पण तिचा उजवा हात खांद्याच्या वर पुन्हा कधी गेला नाही, आणि पाटल्या पुन्हा त्या हातात चढल्या नाहीत.

त्यानंतर त्या पारावर माणसे येऊ लागली. आधी एक विणकर आला, मग एक गरोदर सून, आणि एका वर्षी खुद्द पाटील. कुणी उभे राहिले की तेली जागेवरून उठे आणि त्याच्या शेजारी जाऊन उभा राही. बसलेल्यांपैकी एखाद्याने काही विनोद करायला तोंड उघडलेच, तर कुंभारीण कानाला हात लावून विचारी, "काय म्हणालास? मला ऐकू कमी येतं." आणि तो विनोद पुन्हा सांगण्याची हिंमत त्या गावात कुणाला झाली नाही.

म्हणून सांगतो: जो दुसऱ्याच्या मागण्याला हसतो, तो आपल्याच अडचणीच्या दिवशी आपल्याच घरचे दार आतून लावून घेतो.